ती. स्व. इन्सुलिन यांस

सांगली,
वसुबारस, १७ ऑक्टोबर २०२५

तीर्थस्वरूप इन्सुलिन यांस,
शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

मायना लिहितानाच जरा अडखळले. आमचे अण्णा पोस्टात होते. पत्राचा मायना चुकलेला त्यांना खपत नसे. सख्ख्या वडीलधाऱ्यांना ‘तीर्थरूप’ लिहायचं आणि जे रक्ताचे नाहीत पण मानानं तेवढेच आहेत, त्यांना ‘तीर्थस्वरूप’, हे त्यांनी मला तिसरीत शिकवलं. माझ्या स्वतःच्या पोटात तयार होणारे तुम्ही मला दहा वर्षं लाभलात. तेव्हा तुमचं नावही ठाऊक नव्हतं, मग पत्र कुठलं लिहिणार? त्यानंतर आलात ते बाटलीतून आलात. आधी गायीचे, मग डुकराचे आणि गेली तेहेतीस वर्षं कारखान्यातल्या टाकीत सूक्ष्म जीवांकडून करवून घेतलेले. म्हणून ‘स्वरूप’ लिहिलं. राग मानू नये.

इकडील सर्व क्षेम. आज सकाळची उपाशीपोटीची शुगर १३२ आली. डोळे ठीक आहेत. डाव्या पायाच्या बोटांना मुंग्या येतात, पण चालणं सुटलेलं नाही. मुख्य बातमी अशी, की गेल्या आषाढात आपल्या ओळखीला ५१ वर्षं झाली. तुमच्यातले अमिनो आम्लांचे मणीही ५१च. एकवीस मण्यांचा एक सर, तीस मण्यांचा दुसरा. त्यांना एकमेकांशी धरून ठेवणारे गंधकाचे दोन टाके आणि धाकट्या सरातच घातलेला तिसरा. वर्षाला एक मणी धरला तर यंदा मी तुमची माळ पुरी केली. त्या निमित्तानं हे पत्र.

तुम्हाला तो १९७४चा आषाढ कदाचित आठवत नसेल. मला सगळा आठवतो. मी तांब्यामागून तांब्या पाणी प्यायची आणि रात्रीतून सहा वेळा उठायची. परसात जिथं बसायची तिथं मुंग्यांची रांग लागायची. आजीला वाटलं, पोरीला कुणाची तरी नजर लागली. दोन महिन्यांत फ्रॉक खांद्यावरून ओघळायला लागला. मिरजेला नेलं तेव्हा मी शुद्धीत नव्हते. जाग आली ती तुम्ही आत गेल्यावर. मांडीत सुई, उशाशी अण्णा, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तहान नाही.

घरी आल्यावर अण्णांनी सगळी व्यवस्था आपल्या हातात घेतली. काचेची सिरिंज आणि स्टीलची सुई रोज पातेल्यात उकळायची. सुई बोथट झाली की बारीक दगडावर घासायची. बेनेडिक्टच्या निळ्या द्रावणात लघवीचे आठ थेंब टाकून परीक्षानळी स्पिरिटच्या दिव्यावर धरायची आणि रंगाकडे बघत बसायचं. निळाच राहिला तर साखर नाही. हिरवा झाला तर थोडी, पिवळा, नारिंगी झाला तर जास्त, आणि विटकरी झाला की अण्णांचा चेहरा उतरायचा. गावात फ्रीज नव्हता. तुमची बाटली प्लास्टिकच्या डबीत घालून, माठाखालच्या ओल्या वाळूत पुरून ठेवायची, हे काम आजीचं. ती त्या डबीला ‘पोरीचा जीव’ म्हणायची. पाण्याला येणाऱ्या बायका माठाला हात लावू लागल्या की आतून ओरडायची, “वाळू नका हलवू गं, जीव हाय त्यात!”

खोक्यावर एक इंग्रजी शब्द छापलेला होता. त्याचा अर्थ थोरल्या चुलतभावानं पडवीत बसून सगळ्यांसमोर सांगितला. गाय. घरात दोन दिवस कुणी कुणाशी धड बोललं नाही. आमच्या गोठ्यात गोदी नावाची खिलार गाय होती आणि वसुबारसेला तिच्या पायावर पाणी घातल्याशिवाय आजी तोंडात घास घेत नसे. अण्णा मिरजेला जाऊन विचारून आले. दुसरं काही मिळण्यासारखं होतं का? होतं, डुकराचं, पण ते सहज मिळेल याची खात्री नव्हती. तिसऱ्या दिवशी सकाळी आजीनं स्वतःच डबी वाळूतून काढली, पदरानं पुसली आणि अण्णांच्या हातात दिली. मग चुलीपाशी बसून मला म्हणाली, “तिच्याकडनं तुझ्यापायी येवढं घेतोय. आता माझ्या च्यापायी आणि कशाला?” त्या दिवसापासून तिनं दूध सोडलं. चहा कोरा, भाकरीबरोबर ताक नाही, सणाला खीर नाही. १९८९ साली गेली तोवर. कुणाला त्याचं कारण तिनं सांगितलं नाही. मलाही ते एकदाच, त्या सकाळी, सांगितलं.

आता तक्रार. पाच-सहा वर्षांत माझ्या दोन्ही मांड्यांना खळगे पडले. जिथं जिथं तुम्ही टोचले गेलात तिथली चरबी विरून गेली. वाटीच्या बुडाएवढे खड्डे. मी शाळेच्या खेळांतून नाव काढून घेतलं ते या खड्ड्यांपायी, आणि तुमच्यावर खूप रागावले होते. डॉक्टर म्हणाले, शरीर तुम्हाला परकं समजतं आहे. तुमच्याबरोबर जनावराच्या स्वादुपिंडातला गाळही येतो, त्याचाही दोष आहे, किंबहुना जास्त दोष त्याचाच. हे ऐकून राग गेला नाही, पण प्रश्न पडला. परकं म्हणजे किती परकं?

त्याचं उत्तर मला सांगलीच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला मिळालं. फ्रेडरिक सँगर यांचं काम शिकवत होते. केंब्रिजला बसून त्यांनी गायीच्या इन्सुलिनचा मणी न् मणी ओळखला. थोरला सर १९५१मध्ये, धाकटा १९५३मध्ये, टाके १९५५मध्ये. १९५८ला नोबेल. तोवर प्रथिनाला ठरलेली अशी रचना असते की नाही, याबद्दलच मोठमोठ्या माणसांना शंका होती. त्यांनी तुम्हालाच का निवडलं, तर शुद्ध स्वरूपात विकत मिळणारी प्रथिनं तेव्हा मोजकी होती आणि तुम्ही त्यांतले एक. म्हणजे माझ्यासारख्या कितीक जणांना जगवायला तुम्ही बाटलीत भरले गेला होतात, म्हणूनच त्यांच्या हाती लागलात. पुढे सँगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डुक्कर, मेंढी, घोडा, व्हेल यांच्याही माळा उलगडल्या. माणसाची १९६०मध्ये कळली.

सरांनी फळ्यावर गायीची माळ लिहिली. मी ग्रंथालयात जाऊन माणसाची शोधली, वहीच्या मागच्या पानावर दोन्ही एकाखाली एक लिहिल्या आणि पेन्सिलीनं जागा जुळवत गेले. माझा हात थरथरत होता, हे तुम्हाला म्हणून सांगते. धाकट्या सरातले पहिले सात मणी सारखे. आठवा वेगळा: माणसात थ्रिओनीन, गायीत ॲलानीन. नववा सारखा. दहावा वेगळा: माणसात आयसोल्युसीन, गायीत व्हॅलीन. मग शेवटपर्यंत सारखे. थोरल्या सरात एकोणतीस मणी सारखे आणि अगदी शेवटचा, तिसावा, वेगळा. एवढंच. एकावन्नात तीन. गोदी आणि मी यांच्यात तीन मण्यांचं अंतर. मी वही मिटून घेतली, बसस्टँडवर आले आणि गावाची गाडी पकडली. आजीला ते पान दाखवलं. तिला वाचता येत नव्हतं. तिनं तीन पेन्सिलीच्या गोलांवर एकेक बोट ठेवलं आणि विचारलं, “बाकीचं सगळं येकच?” मी म्हटलं, एकच.

मग मला छंदच लागला. मेंढीत आठवा, नववा, दहावा असे तिन्ही बदललेले आणि तिसावाही. घोड्यात नववा आणि तिसावा. सगळी उलथापालथ धाकट्या सरातल्या त्या लहानशा फासात, सहाव्या आणि अकराव्या मण्याला जोडणाऱ्या टाक्याच्या आत, नाहीतर थोरल्या सराच्या टोकाला. डुकरात फक्त तो तिसावा मणी वेगळा. कुत्र्याची माळ थेट डुकराचीच, आणि समुद्रातल्या स्पर्म व्हेलचीही तीच. कोंबडीत सात जागा बदललेल्या, तरी पेशीच्या कुलपाला ती गायीच्या माळेपेक्षा घट्ट बसते. तेव्हा मला कळलं, की नुसते वेगळे मणी मोजून नातं ठरत नाही. कुठला मणी बदलला, ते बघावं लागतं. तिसावा बदलला तर पेशीला पत्ताही लागत नाही. पण माणसांतल्याच क्वचित एखाद्या घराण्यात थोरल्या सरातला चोविसावा किंवा पंचविसावा मणी बदललेला सापडला आणि ते इन्सुलिन जवळजवळ निकामी निघालं. ज्या मण्यांनी तुम्ही दाराला हात लावता, ते तुम्ही गायीत, कोंबडीत, माझ्यात जिवापाड सांभाळलेत.

तुमच्या जन्माची हकिकतही हेच सांगते. शिकागोच्या डोनाल्ड स्टायनर यांनी १९६७मध्ये दाखवलं, की पेशी तुम्हाला आधी एकाच लांब दोऱ्यात विणते, माळ नीट दुमडली गेली की मधला तुकडा कापून काढते आणि उरलेले दोन सर म्हणजे तुम्ही. तो कापलेला तुकडा प्राण्यागणिक केवढा तरी बदलत गेला आहे. तुमचे सर मात्र जागच्या जागी. आईनं पोराला कपडे कसलेही घालू द्यावेत पण वळण मोडू देऊ नये, तसं कुणीतरी तुमच्यावर कोट्यवधी वर्षं लक्ष ठेवलं आहे.

हे सगळ्यात जास्त हॅगफिशकडे बघून पटतं. जबडा नसलेला, समुद्राच्या तळाशी मढी खाणारा तो जीव. त्याची नि आपली वाट फुटली त्याला पन्नास कोटींच्या आसपास वर्षं झाली असावीत. त्याच्या माळेतले तिसऱ्या हिश्श्याहून जास्त मणी वेगळे आहेत, पण स्फटिक करून क्षकिरणांनी पाहिलं तेव्हा घडी जवळजवळ तीच. तुमची घडी पहिल्यांदा उलगडली ती डोरोथी हॉजकिन यांनी. १९३५मध्ये त्यांनी तुमच्या स्फटिकाचं पहिलं क्षकिरण छायाचित्र घेतलं आणि पूर्ण रचना हाती आली १९६९मध्ये. चौतीस वर्षं. संधिवातानं हात वाकडे झालेले, तरी काम सुटलं नाही. ऑक्सफर्डच्या त्या चमूत आपल्याकडचे एम. विजयन होते. तुम्ही सहा-सहाच्या गटानं जस्ताच्या दोन अणूंभोवती फेर धरून बसता, ते चित्र मी वर्गमैत्रिणीकडून कागदावर उतरवून घेतलं. अजून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेलं आहे.

आता थोडं रागावते. गिनिपिगच्या बाबतीत तुम्ही असे का वागलात? त्याच्यात तुमचे जवळपास एकतृतीयांश मणी वेगळे. जस्ताला धरणारा थोरल्या सरातला दहावा मणीच तिथं तुम्ही बदललात, त्यामुळे गिनिपिगचे तुम्ही फेर धरून बसतच नाही. शक्तीही इतकी कमी, की बिचाऱ्याला तुम्हाला खूप जास्त प्रमाणात तयार करत राहावं लागतं. हा विक्षिप्तपणा कशासाठी? पण याच विक्षिप्तपणानं विज्ञानाचं एक मोठं काम झालं. गायीचं इन्सुलिन गिनिपिगला इतकं परकं वाटलं, की त्यानं जोरदार प्रतिपिंडं तयार केली. न्यूयॉर्कमध्ये रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी ती वापरून रक्तातल्या तुमच्या अगदी कणभर मात्रेचंही मोजमाप करायची रीत बसवली. त्याच्या थोडं आधी, गायीचं इन्सुलिन टोचून घेणाऱ्या रुग्णांच्या रक्तातही अशी प्रतिपिंडं असतात, असं त्यांनी लिहिलं, तेव्हा एवढ्या लहान प्रथिनाविरुद्ध शरीर उठेल हे कुणी मानायला तयार नव्हतं. लेख एका नियतकालिकानं परत पाठवला. १९७७मध्ये यॅलोबाईंना नोबेल मिळालं, बर्सन तोवर वारले होते. मी ते वाचून मांडीवरच्या खळग्यांवरून हात फिरवला. माझ्या शरीरानं तीन मणी ओळखले होते. पेशींनी दार उघडलं, पण शरीराच्या पहारेकऱ्यांनी, त्या प्रतिपिंडांनी, अडवलं. दोघंही आपापल्या परीनं बरोबर होते.

आणि म्हशीची गोष्ट. दुसऱ्या महायुद्धात ईवा सॅक्सल नावाची ज्यू निर्वासित तरुणी शांघायमध्ये अडकली. तिला मधुमेह, आणि शहरातल्या बाटल्या संपत आलेल्या. ती आणि तिचा नवरा व्हिक्टर यांनी वैद्यकाच्या एका पुस्तकात वाचून म्हशीच्या स्वादुपिंडातून तुम्हाला काढायला सुरुवात केली. पहिलं द्रव तपकिरी रंगाचं. आधी सशांवर तपासलं, मग तिनं स्वतःला टोचून घेतलं. ती जगली आणि निर्वासितांच्या वस्तीतले इतर रुग्णही जगले. ही गोष्ट मी घरात कितीदा सांगितली असेल, पण आजीला सांगायची राहिली. ती जाईपर्यंत मलाच ठाऊक नव्हती. दावणीच्या म्हशीला तिनं त्या दिवशी नक्की जास्तीची पेंड घातली असती.

दुसरी तक्रार रात्रींची. १९९२मध्ये मी ‘मानवी’ म्हणवणारं इन्सुलिन घेऊ लागले. आधी ते डुकराच्या माळेतला तो एकच तिसावा मणी काढून तिथं माणसाचा बसवूनही करत, आणि जंतूंमध्ये माणसाचं जनुक घालूनही. दुसऱ्या रीतीच्या औषधाला अमेरिकेत १९८२मध्ये परवानगी मिळाली. आपल्याकडे माझ्यापर्यंत पोचायला दहा वर्षं गेली. मांडीचे खळगे हळूहळू भरले. पण शुगर उतरताना आधी जो घाम फुटायचा, हात कापायचे, तो इशारा मला पुसट व्हायला लागला. माझ्यासारखी तक्रार तेव्हा बऱ्याच जणांनी केली. अभ्यासांतून ती सगळ्यांना लागू असल्याचं ठरलं नाही, इतकी वर्षं मुरलेल्या आजारातही असं होतं म्हणतात. पण एका पहाटे तीन वाजता मी स्वयंपाकघरात जमिनीवर बसलेली होते, हातात गुळाचा खडा आणि तो तोंडापर्यंत कसा न्यायचा हे आठवत नव्हतं. यजमानांनी भरवला. त्या रात्रीचा जाब तुम्हाला विचारायचा होता. तुम्ही दार उघडायचं काम करता ते मान्य, पण आत जायला साखर उरली आहे की नाही हे बघायला नको?

लिहिता लिहिता लक्षात येतं, की हा जाब चुकीच्या पत्त्यावर चालला आहे. ते बघायचं काम ज्यांचं होतं, त्या माझ्या स्वादुपिंडातल्या बेटांवरच्या पेशी. साखर बघून मोजून मापून त्या तुम्हाला सोडायच्या. तुमचं नावच त्या बेटांवरून पडलं. १९७४मध्ये माझ्याच पहारेकऱ्यांनी ती बेटं उद्ध्वस्त केली. मी पन्नास वर्षं म्हणत आले, की तुम्ही मला सोडून गेलात. तुम्ही गेला नव्हतात. तुमचं घर माझ्या शरीरानं पाडलं. याची माफी मागायची राहून गेली होती, ती आज मागते.

आता विनंती. अलीकडे माणसं तुमचे मणी मुद्दाम बदलतात. थोरल्या सरातला अठ्ठाविसावा आणि एकोणतिसावा यांची अदलाबदल केली, की तुम्ही फेर लवकर सोडता आणि जेवणाबरोबर लगेच कामाला लागता. ती युक्ती तुमच्याच एका चुलत संप्रेरकाकडून उचलली, त्याच्यात त्या जागी क्रम असाच उलटा असतो. शंखातल्या एका विषारी गोगलगायीनं तर तुम्हाला आखूड करून माशांना सुस्त पाडायचं हत्यार केलंय, हे २०१५मध्ये उघडकीला आलं. आता संशोधक त्या आखूड रूपावरून नवीन औषध घडवू बघताहेत. तुम्हाला सगळं सहन होतं. म्हणून मागते: अशा एखाद्या रूपात या, ज्याला फ्रीज लागणार नाही आणि जे साखर बघून स्वतः थांबेल. वाळव्याकडच्या एका शाळेत मी अधूनमधून जाते. तिथं आठवीतली एक मुलगी आहे. तिची आईही बाटली माठाखालच्या वाळूत ठेवते. २०२५मध्ये. मी तिला वहीचं ते जुनं पान दाखवलं. तिनं विचारलं, “मॅडम, मग गायीला मधुमेह झाला तर माझं चालेल?” मी म्हटलं, चालेल, दार उघडेल. ती फार खूश झाली.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा ही विनंती.

आपली आज्ञाधारक,
‘पोरीचा जीव’ ज्यात होता त्या डबीची मालकीण

ता. क. आज वसुबारस, घरात दूध-तूप वर्ज्य. संध्याकाळी शेजारच्या गोठ्यातल्या गाय-वासराची पूजा करून आले. कोरा चहा उकळतो आहे, बिनसाखरेचा. जेवणाआधीचे सहा युनिट घ्यायचे आहेत. बाटली हातात धरून गरम करते आहे, गार टोचलं की दुखतं.